बासष्टावा मजला

रविवार, ३ मार्च
झालं एकदाचं मनोरा बघणं! बासष्ट मजले. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. वर चारी बाजूंना काच— नदी, तिन्ही पूल, आमची गल्लीसुद्धा दिसली. पण बघितली मी आणि जाऊबाईंनी. हे खालीच!

लेकाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटं काढून दिली होती. रांगेत हे ठीक होते. लिफ्टचं दार उघडलं आणि पाय रोवून उभे राहिले. कपाळावर घाम. मागचे लोक खोळंबले. माझी जीभ सुटली— "अहो, चाळीस पोरं घालून शाळेची बस हाकता, आणि इथे नुसतं उभं राहायचं तर तंतरली? ते तीन वर्षांचं पोर बघा कसं चाललंय!" रांग हसली. मीही हसले.

"तू जाऊन ये. पिशव्या मी सांभाळतो," एवढंच म्हणाले.

काय चुकलं माझं? यांच्या भीतीपायी पाचव्या मजल्यावरचं घर सोडलं. जन्म तळमजल्यावर गेला. खिडकीतून दिसतात ते लोकांचे पाय!

सोमवार, ४ मार्च
बोलत नाहीत. म्हणजे बोलतात— "दार लावून घे."

बुधवार, ६ मार्च
जाऊबाईंचा फोन. "भावोजींची काय गंमत झाली गं! आमच्याकडे ह्यांनी नक्कल करून दाखवली, पाहुणे हसून हसून बेजार!"

फोन ठेवला तरी कान तापलेले. नकलेला सामान मीच पुरवलं ना! मी लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. दुसऱ्या वेळी तर गाडी भिंतीवर घातली. शिकवणारे हेच. जाऊबाई सोडाच, यांनी लेकालासुद्धा कधी कळू दिलं नाही. आणि मी चारचौघांत यांचं हसं केलं. लाज वाटते माझी मला.

शनिवार, ९ मार्च
भांडी घासता घासता, पाठमोरीच मी यांना म्हणाले, "चुकलं माझं."
"हं."
"परत जाऊ या का? मी हात धरीन. नाहीच जमलं तर दोघं खाली बसून चहा पिऊ."
"बघू."
तोंड बघून बोलायला हवं होतं. तेवढंही धैर्य नाही, आणि मी यांना भित्रा म्हणते!

मंगळवार, १९ मार्च
आठवडाभर उशिरा येतात. शर्ट घामाने भिजलेला. विचारलं तर— "बसचं काम होतं." मनात नाही नाही ते आलं.

आज शेजारीण म्हणाली, "तुमचे हे रोज आमच्या ऑफिसच्या जिन्यात काय करतात? काल सहाव्या मजल्यावर खिडकीशी उभे होते, कठडा घट्ट धरून."

सराव! या वयात! मला वर न्यायचं म्हणून चाललंय हे सगळं. डोळे भरून आले. काही विचारणार नाही, आपणहून सांगू देत. माझे चांगले बूट पुसून ठेवले.

रविवार, २४ मार्च
जेवताना म्हणाले, "आज मनोऱ्यावर जाऊन आलो. पार वर. काचेला हात टेकवून उभा होतो." चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"एकटेच? मला का नाही नेलंत?"

हे रागाने नाही बोलले. विचारलं म्हणून सांगावं, इतक्या साधेपणाने— "तू बरोबर असतीस तर जमलं नसतं."