भिंतीतला डबा

श्री
अनसिंग, ता. ९ एप्रिल १९३१

ती. सौ. रुपाबाई हीस जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

घराच्या भिंती छातीएवढ्या आल्या. बाबांच्या डोक्यात नवंच खूळ आलं. तांब्याच्या डब्यात घरच्यांच्या वस्तू भरून त्यांनी तो भिंतीत चिणवला. पन्नास वर्षांनी नातवंडांनी काढायचा. आईने राखेत घोळलेलं वालाचं बी दिलं, मी भोवरा. वर बाबांच्या हातची घरच्यांची यादी: बाबा, आई, मी, माझी बायको आणि धवळ्या बैल! भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझा, जगदेव

मेडशी, ता. १४ एप्रिल

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद.

बैल घरचा, आणि मी रे? दिवाळीला आले तेव्हा त्याच विटांचा चिखल गुडघाभर तुडवला. अक्षरं मला बाबांनीच शिकवली, आणि माझं नाव लिहायला त्यांचीच लेखणी अडली! खोटं कशाला बोलू, पत्र वाचून रडले. पन्नास वर्षांनी पोरं यादी वाचतील, तेव्हा या घरात मी कधी नव्हतेच असं समजतील. धवळ्याला माझ्यातर्फे सरकीची ढेप खाऊ घाल, त्याच्यावर राग नाही.

रागावलेली तरी तुझीच, रुपा

अनसिंग, ता. १९ एप्रिल

ती. सौ. रुपाबाई हीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांचा घास हातातच राहिला. यंदाच्या शिरगणतीत ते मोजणीदार होते ना, त्याच सवयीने रात्री घरात निजणारे तेवढेच मांडले. धवळ्या पडवीत निजतो, म्हणून तोही. आई म्हणाली की सरकारले काय करायचं ते करू द्या, माही लेक कायले गाळली? बाबा तसेच उष्ट्या हाताने उठले, सब्बल घेतली आणि ओली भिंत फोडली. शालिग्राम गवंडी कपाळावर हात मारून बसला. त्याने बुजवायला घेतलं तर बाबांनी त्याला बजावलं की माही रुपा येऊन आपल्या हातानं नाव लिवत नाही, तोवर भगदाड बुजवायचं नाही. काम बंद आहे. आमच्यावर दया असू दे.

तुझा, जगदेव

मेडशी, ता. २२ एप्रिल

चि. जगदेव यास आशीर्वाद.

सासूबाईंनी स्वतः दमणी जुंपायला सांगितली. परवा पोचते. यादीत सर्वांच्या वर जागा ठेवा, मी थोरली आहे. शालिग्रामला म्हणावं, चिखल कालवून ठेव.

तुझी, रुपा