आतून आलेले पोचे

१ नोव्हेंबर १९४३, सोमवार. नंदुरबार

आज कामावर रुजू झाले! मी जिच्याकडे राहते त्या मंगलामावशीने निघताना हातावर दही घातले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. इद्रिस मिस्त्रींचा कारखाना स्टेशनच्या अलीकडे आहे. मोडलेल्या मोटारी तिथे येतात आणि ठोकून सरळ होऊन जातात. नुकसान लिहून घेणारा कारकून पलटणीत गेला, मिस्त्रींची नजर मंदावली, म्हणून जागा रिकामी झाली. भाऊ, म्हणजे माझे वडील, म्हसावदला मास्तर होते. लिहिणे, मापे, भूमिती, सारे त्यांनी मला घरीच शिकवले. मिस्त्री त्यांना मानत, म्हणून मला घेतले.

पत्रे ठोकणारा धुडकू मला पाहून मोठ्याने म्हणाला, ‘‘मास्तरनी पोर उनी! आते मोटरस्नी बी शाळा भरनी!’’ सगळे हसले. मीही हसले. जूननंतर पहिल्यांदाच. मिस्त्रींच्या पत्नी शहाबानोचाचींनी ओसरीवर माझ्यासाठी चटई टाकून ठेवली होती. काल भाऊबीज होती. आरतीचे ताट मी काढलेच नाही. पण आज बरे वाटते आहे.

३ नोव्हेंबर

मिस्त्री डोळे मिटून शिकवतात. पत्र्यावर पातळ फडके घालायचे आणि त्यावरून तळहात सावकाश फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा पोचा तळहाताला कळतो. मग बोटाच्या पेरांनी टकटक करून ऐकायचे. पत्रा खणखणला तर ठोकून सुधारेल, तिथे पांढऱ्या खडूने गोल. बद्द वाजला तर आतून फाटला आहे, तिथे तांबडा गोल.

सर्वांत अवघड म्हणजे क्रम. कोणता मार आधी बसला आणि कोणता नंतर, हे नुकसानीच्या तक्त्यात तसेच लिहावे लागते. नंतरची घडी आधीच्या घडीला कापून जाते. मिस्त्री म्हणाले, ‘‘बेटी, लोखंडाला खोटं बोलता येत नाही. लिहिणाऱ्याला येतं. म्हणून तू सांभाळ.’’ हे ऐकून माझा चेहरा उतरला असावा. त्यांना दिसले नाही.

८ नोव्हेंबर

आज एक लॉरी आली. बैलांच्या चार जोड्यांनी ओढत आणली. जूनमध्ये घाटातून लाकडे आणताना दरीत गेली होती. पावसामुळे तिथेच राहिली. लढाईमुळे नवी मिळत नाही, म्हणून मालकाला ही दुरुस्त करून हवी आहे.

केबिनच्या कपाळावर पिवळ्या रंगात लहानसा मोर आहे. त्याची मान जाड झाली आहे. तो काढताना मगनला मी चिडवले होते, की ही कोंबडी दिसते.

माझ्या भावाची लॉरी आहे. ह्यातच तो गेला. मी कोणाला सांगितले नाही. सांगितले तर हे काम मला करू देणार नाहीत. आणि ते दुसऱ्या कोणी करावे, असे मला वाटत नाही.

९ नोव्हेंबर

पुढचा भाग लिहिला. पहिला मार डाव्या मडगार्डावर, दगडाचा. दुसरा टपावर. मग नाक दरडीत रुतले आणि मागची लाकडे सरकून केबिनवर आली. डावे दार चेपून बंद झाले. उजवे उद्या.

तळहात फिरवताना मी मनात म्हणत होते, इथवर तो होता, इथवर होता, आता गेला. लाकूडतोड्या जामसिंगाला तो नवव्या दिवशी सापडला. त्याने म्हसावदला येऊन आईचे पाय धरले आणि सांगितले, ‘‘माय, तो जागीच गया. त्याले काहीच समजनं नही.’’ त्या एका वाक्यावर आई जेवायला बसू लागली. मीसुद्धा.

१० नोव्हेंबर

उजवे दार.

दारावर एक लांब घडी आहे, ती पडताना आलेली. तिच्यावर सात फुगवटे आहेत. बाहेरून बसलेले नाहीत. आतून बाहेर आले आहेत. आणि ते घडीला कापून जातात.

म्हणजे नंतरचे. लॉरी थांबल्यानंतरचे.

पहिले तीन खोल आहेत, काठ तीक्ष्ण. पान्याने मारलेले असावेत. पुढचे उथळ, गोल. मुठीचे. शेवटचा इतका हलका की फडके काढल्यावरच कळला.

तो जागीच गेला नव्हता.

११ नोव्हेंबर

तक्ता वाचून दाखवला. मिस्त्रींनी तो पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, ड्रायव्हर तुझा कोण? मी सांगितले. ते हळू आवाजात म्हणाले, पडतानाचेच पोचे म्हणून लिही, आई जिवंत आहे ना तुझी? चाचींनी मला जवळ घेतले.

मी तसे लिहिले नाही. खोडलेही नाही.

दारावर आज आठ फुगवटे आहेत. आठव्यावर गंज नाही. पत्रा चकचकीत आहे.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी सगळे नमाजाला गेले, धुडकू भाकरी खायला. हातोड्या थांबल्या की इथे कानात दडे बसल्यासारखे होते. तेव्हा मी दार तपासत होते. पेरांनी दोनदा टकटक केली, नेहमीप्रमाणे.

आतून दोनदा झाली.

मी तीनदा केली. तीनदा आली.

मी वाकून पाहिले. सीट, स्टिअरिंगचे मोडके चक्र, वाळलेला चिखल. कोणी नाही. भर ऊन होते.

१५ नोव्हेंबर

अकरा फुगवटे.

मिस्त्रींचा हात धरून दाराकडे नेले. त्यांनी फडके घातले, तळहात ठेवला आणि एकदम ओढून घेतला. भाजल्यासारखा. म्हणाले, हा पत्रा ठोकायचा नाही. कापून काढायचा. शुक्रवारी नमाजानंतर. मला म्हणाले, तोवर घरी जा.

मी गेले नाही. हात धुऊनही पेरांत ठोके जाणवतात.

१६ नोव्हेंबर

मी हे कुठेच लिहिले नव्हते. आज लिहिते.

लॉरी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस शिपाई आमच्या दारात आला. गाडी दरीत दिसते, लाकडांचा ढीग पडला आहे, ड्रायव्हरचा पत्ता नाही, म्हणाला. आमच्याकडे गाडी पडली की ड्रायव्हर पळतात. माराला भितात, चौकीला भितात. गावातले दोघे असेच पळाले होते आणि महिन्याने परत आले. मला वाटले, मगनही पळाला. त्याला वाचवायचे म्हणून मी सांगितले, तो रात्री घरी आला होता. दोन भाकरी खाल्ल्या. मामाकडे सुरतेला गेला.

मी आयुष्यात खोटे बोलले नव्हते. म्हणून त्याने लगेच मानले. मास्तरांची मुलगी, म्हणाला. लाकडे उपसायला जमवलेली माणसे परत पाठवली.

आई आत होती. तिला वाटले, मी खरेच त्याला पाहिले. मी तिचाही समज तसाच राहू दिला. तो लॉरीत सापडल्यावर तिने मला त्या रात्रीबद्दल कधीच विचारले नाही.

तेव्हा तो पान्याने दार ठोकत होता. समोर दरड, मागे आणि खिडक्यांवर लाकडे. सापडेपर्यंत सात दिवस आणखी — त्यातले किती दिवस तो जिवंत होता ते मी पत्र्यावरून सांगू शकते. सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर

तक्त्यात खरे लिहिले. शेवटचा मार: आतून, चालक जिवंत असताना. खाली कारण लिहिले. माझे नाव लिहिले. वाटले, आता थांबेल.

थांबले नाही. आज बाकीच्यांच्या हातोड्या चालू असतानाही ऐकू येते. धुडकूला विचारले. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘ताई, तू घर जाय. त्या दारना आंगे नको ऱ्हाऊ.’’

१८ नोव्हेंबर

मोजले नाहीत. दार पार फुगले आहे. बिजागरी वाकली —

कागदावर लिहिलेले त्याला कसे कळणार? तो अजून वाट पाहतो आहे. त्याला वाटते, कोणी तरी येईल. कोणी का येत नाही, हे त्याला ठाऊक नाही. कोणीच सांगितले नाही.

उद्या कापतील.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार

सगळे गेले. काचेच्या जागेतून आत शिरले. वही मांडीवर.

ठोके बंद.

सीट शेजारून खचली. बसले कोणी. दिसत नाही. ओल्या मातीचा वास, आणि त्याच्या बिडीचा.

माझ्या हातावर हात. गार. पेरे सोललेली —

‘‘आक्का, तू उनी?’’

हो म्हटले. हो रे, आले.

हसतो आहे. लहानपणी हसायचा तसा, नाकातून. आता डोके माझ्या खांद्यावर. काहीच वजन नाही त्याला.

विचारतो, मी इथे आहे हे तुला कसे कळले —

‘‘कोनी सांगं तुले, मी आठे शे?’’

जामसिंगाचे नाव घ्यावे. मानेल. माझे तो नेहमी मानतो.

बोटे मनगटाभोवती. घट्ट. वाट पाहतो आहे उत्तराची —

नाही. पुन्हा नाही.

मगन, ऐक. कोणी सांगितले नाही. शिपाई दारात आला होता, आणि मी, मी त्याला