सव्वीस बिल्ले आणि एक नाव

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो असतो, पण आठवडाभर कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकतो.) तुझ्या डोळ्याचं कसं काय? पट्टी निघाली का? थेंब वेळेवर घालतेस, की मागच्यासारखी बाटली कपाटात ठेवून ‘आता दिसतंय की सगळं’ म्हणून मोकळी झालीस? पत्र शेजारीणबाईच वाचून दाखवत असतील असं धरून अक्षर मोठं काढलंय आणि कोणाचंही नाव लिहिलेलं नाही. त्या बाईंचं कुठे कोणाशी नातं निघेल याचा नेम नसतो. आमच्याकडे सगळे ठीक. म्हणजे प्रकृतीने ठीक. बाकीचं सांगायला हे पत्र.

महिन्यापूर्वी मी तुला लिहिलं होतं की तुझ्या नातीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवायला काढलंय, मुलाचं नाव मला पसंत नाही, तुझा शब्द ती मोडत नाही, तेव्हा तूच तिला चार गोष्टी सांग. त्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. आधी मला राग आला होता, आता वाटतं की फार बरं झालं.

शेजारीणबाईंना वाटेल, नुसतं नाव पसंत नाही म्हणजे काय? तर त्या नावाची तीन माणसं माझ्या आयुष्यात येऊन गेली. पहिला शाळेत माझ्या बाकावर बसायचा. वर्गाची काच त्याने फोडली आणि बोट माझ्याकडे दाखवलं. दुसरा दाताचा डॉक्टर. दुखत होती डावीकडची दाढ, त्याने उपटली उजवीकडची, आणि वर मलाच सांगतो की तीही कधीतरी दुखलीच असती! तिसरा माझा भागीदार. एका शनिवारी अक्षरांचे सगळे साचे टेम्पोत घालून गेला आणि सोमवारी रस्त्यापलीकडे, बरोबर आमच्या समोर, पाट्यांचंच दुकान उघडून बसला. (अजूनही मी शटर वर केलं की तो तिकडून हात हलवतो. मी हलवत नाही.) आता सांग, तीन माणसं, तिघांचं नाव एक आणि तिघांचे गुण हे. पोरीने ते नाव उच्चारलं मात्र, मी हात वर केला, उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मुलगा काय करतो, कुठे असतो, घरी कोण कोण आहे, यातलं एक अक्षर मी ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. कामापुरतं म्हणजे ‘मीठ’, ‘दार’ आणि ‘फोन’. आत्या, दिवसभर बडबड करणारी आपली लेक तीन शब्दांवर आली की घर कसं होतं ते मी काय सांगू? वरून मी ताठ होतो, आतून पार खचलो होतो.

पण माझं मत काही मी हवेतून काढलेलं नाही. तीस वर्षं मी लोकांच्या नावांच्या पाट्या करतोय. दारावरच्या, टेबलावरच्या, छातीवरच्या. नाव कोरताना माणूस समोर उभा राहतो असा माझा अनुभव. दिवसातून पन्नास वेळा हाक मारली की ते नाव माणसात मुरणारच, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आलो. तुझी सून (म्हणजे आमची ही) त्यावर नेहमी एकच बोट दाखवते, आणि ते माझ्याकडे असतं. जन्मल्यापासून तीन दिवस मी न थांबता रडलो म्हणून चौथ्या दिवशी तू माझं नाव धीराचं, शांतपणाचं ठेवलंस. आणि वर्षाच्या आत तूच मला भोंगा म्हणायला लागलीस. मी तिला सांगतो, नाव मुरतंय, जरा वेळ लागतोय इतकंच. ती विचारते, छप्पन्न वर्षं?

तर झालं असं. इथल्या मोठ्या ग्रंथालयातून सव्वीस बिल्ल्यांचं काम आलं. तिथे नवीन मुख्य बाई आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, बिल्ल्यावर आडनाव नको, हुद्दा नको, फक्त नाव. म्हणजे वाचायला येणाऱ्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटेल. माझं काम यंत्रावर असतं, यादी ही वाचते. अकराव्या नंबरला ती जरा थांबली आणि मग तेच नाव वाचलं. तेच! आजवर त्या नावाचं गिऱ्हाईक आलं की मी त्याला समोरच्या दुकानात धाडत आलोय (दोघं मिळून सुखी राहा म्हणावं). पण इथे यादीतून एकच नाव वगळणार कसं? दात-ओठ खात कोरलं. पुढे सतराव्या नंबरला माझं स्वतःचं नाव निघालं. ते मात्र मी सावकाश, मन लावून कोरलं आणि मऊ फडक्याने दोनदा पुसलं.

बिल्ले डब्यात भरताना मी सहज बोलून गेलो, की हे सव्वीसच्या सव्वीस मी नुसते चेहरे बघून वाटीन, कोणाला नाव विचारायची गरज नाही. ही एरवी अशा बोलण्याकडे लक्ष देत नाही. त्या दिवशी पदर खोचून समोर उभी राहिली. म्हणाली, वाटाच. निम्मे, म्हणजे तेरा जरी बरोबर निघाले तर त्या मुलाचा विषय मी पुन्हा काढणार नाही आणि लेकीलाही काढू देणार नाही. एक जरी कमी पडला तर मुकाट्याने त्याला भेटायचं. पोरगी दारात उभी होती. ‘आईने सांगितलंय ते लक्षात ठेवा,’ म्हणाली. पंधरा दिवसांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य. मी त्या खुशीतच कबूल झालो.

ग्रंथालय उघडायच्या आधी अर्धा तास मी पोचलो. मुख्य बाई हौशी निघाल्या. त्यांनी सगळ्यांना वाचनाच्या दालनात लांब टेबलाशी ओळीने उभं केलं आणि बजावलं की कोणीही आपलं नाव सांगायचं नाही, दुसऱ्याचंही नाही. सगळे कॉलेजच्या पोरांसारखे खूश. मी ऐटीत डबा उघडायला गेलो आणि डबा हातातून सुटला. सव्वीस बिल्ले फरशीवर, काही थेट कपाटांखाली. माझी कंबर तर तू जाणतेसच. ओळीतून एकजण पुढे आला, तिशीचा असेल, बोटांना खळ लागून वाळलेली. गुडघ्यांवर बसून त्याने एकेक बिल्ला गोळा केला, एकाची टाचणी वाकली होती ती खिशातल्या छोट्या पकडीने सरळ केली, मला खुर्ची दिली आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. चेहऱ्यावर उपकार केल्याची एक रेघ नाही. मी मनात म्हटलं, चला, याची सोय झाली.

मग वाटायला लागलो. वेलीचं, फुलाचं नाव होतं ते एका काडीसारख्या मुलीला लावलं. विजयाचं होतं ते एका रुंद छातीच्या गड्याला. सत्याचं होतं ते पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगांच्या गृहस्थांना. तेही नम्रपणे मान लववून बिल्ला घेऊन गेले. ते अकरा नंबरचं नाव कोणाच्या गळ्यात घालायचं हा प्रश्नच नव्हता. टोकाला एक मिशीवाले उभे होते. दर मिनिटाला घड्याळ बघत होते, एकदा शेजारच्यावर खेकसलेही होते. त्यांना लावलं. आणि माझं स्वतःचं नाव? ते खळीच्या बोटांच्या त्या मुलाला. बिल्ला बघून तो जरासा दचकला. मीच त्याच्या खिशावर लावून दिला आणि चांगला शोभतोय असंही म्हणालो.

मग मुख्य बाईंनी एकेकाला खरं नाव सांगायला लावलं, आणि आत्या, माझी जी फजिती सुरू झाली! वेलीचं नाव निघालं पुस्तकांचे गठ्ठे दोन मजले एकटीने चढवणाऱ्या बाईंचं. त्या माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की टेबल हललं. विजयाच्या नावाचा माणूस निघाला मांजर दिसलं की टेबलावर चढणारा (हे त्याने आपणहून सांगितलं). सत्याचं नाव होतं कँटीनवाल्याचं, आणि त्याच्या थापा ऐकायला लोक दुसऱ्या मजल्यावरून खाली येतात म्हणे. शेवटी माझे बरोबर निघाले तीन. त्यातलं एक मी टेबलावरच्या जेवणाच्या डब्यावर कोरलेलं वाचलं होतं. (हे तिथे बोललो नाही, तुला सांगतोय.) मिशीवाल्यांची पाळी आली. त्यांनी मीच गुन्हेगार असल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि आपलं नाव सांगितलं. माझं! माझंच नाव, आत्या! धीराचं, शांतपणाचं. ते बांधणी विभागाचे प्रमुख आहेत आणि त्यांचा आवाज तळघरातून वाचनाच्या दालनापर्यंत येतो, असं शेजारच्याने मला हळूच सांगितलं.

शेवटी उरला तो मुलगा. तोही बांधणी विभागातलाच, त्यांच्याच हाताखाली आठ वर्षं जुनी पुस्तकं शिवतो. उरलं होतं नावही एकच, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. त्याने ते नाव सांगितलं, अगदी खाली मान घालून. मग खिशावरचा बिल्ला काढला, टाचणी नीट बंद केली आणि माझ्या तळहातावर ठेवला. ‘काका, हे तुमचं,’ म्हणाला.

काका! माझं नाव त्या दालनात कोणी विचारलं नव्हतं, मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग याला कुठून कळलं? त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा सगळं उलगडलं. मी कोणाचा बाप आहे हे त्याला मी दारातून आत आलो तेव्हापासून माहीत होतं. माझे बिल्ले फरशीवरून गोळा करताना माहीत होतं, आणि मी त्याचंच नाव नाक मुरडून मिशीवाल्यांना लावत होतो तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटली, आत्या. अशी लाज काच फुटली तेव्हाही वाटली नव्हती, आणि तेव्हा तर मला अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतं. मी मिशीवाल्यांकडून अकरा नंबरचा बिल्ला परत घेतला (ते कुरकुरले) आणि या मुलाच्या खिशावर स्वतःच्या हाताने लावला. दात-ओठ खाऊन कोरलेला होता, पण अक्षरं सुरेख उतरली होती.

घरी आलो तर ही दारातच. किती, विचारलं. तीन, म्हटलं. तर म्हणते, अकरा नंबरचा कसा वाटला? म्हणजे यादी वाचतानाच हिला कळलं होतं! मुलगा कुठे काम करतो हे पोरीने सांगितलं तेव्हा मी गॅलरीत होतो, ही घरात होती ना. मी चिडायच्या बेतात होतो, आवाज चढवायला श्वासही घेतला होता, तेवढ्यात पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून भडाभडा बोलायला लागली. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मुख्य बाई किती हसल्या, सगळं तिला आधीच फोनवर कळलं होतं. मी नुसता ऐकत बसलो. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हा नावावरून माणूस ओळखता येत नाही, हे तीस वर्षं उलट बोललेला मी तुला लेखी देतो. दुकानात गिऱ्हाइकांना सांगणंही बंद केलंय. काल शटर वर करताना समोरून हात हलला, तेव्हा मीही हलवला. (अर्धाच. साचे त्याने अजून परत केलेले नाहीत.)

तब्येतीला जप आणि थेंब घाल.

तुझा,
नावाने तरी धीराचा,
भाचा

ता. क. मागचं पत्र फाडून टाक. फाडताना शेजारीणबाईंना बाहेर पाठव.

ता. क. आणखी एक. खरं म्हणजे याच्यासाठीच लिहायला बसलो होतो. मुलाच्या आईने लग्नाला नकार दिलाय. मुलगी तिला फार आवडली, पण मुलीच्या वडिलांचं नाव कळलं मात्र, तिने हात वर केला, उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली म्हणे. आठ वर्षं ती रोज जेवताना मुलाच्या तोंडून त्या मिशीवाल्यांच्या आरडाओरड्याच्या गोष्टी ऐकतेय. तिच्या मते या नावाची माणसं ओरडतातच, आणि अशा माणसाच्या घरी तिला सोयरीक नको. आता तिला मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? तिने दोन माणसं मोजली तर दोन्ही तशीच निघतील. तेव्हा तू रविवारी ये. मी न्यायला येतो. तिला समोर बसवून सांग की हे नाव तू ठेवलंयस आणि भाचा लहानपणापासून अगदी शांत आहे. डोळ्याला पट्टी असली तर असू दे, हे सांगताना सोयीचीच पडेल. तुझं नाही कोणी ऐकलं असं आजवर झालेलं नाही. पोरगी पुन्हा ‘मीठ’ आणि ‘दार’वर आलेली मला सहन होणार नाही, आत्या.

ता. क. शेवटचा. मुलाच्या आईसमोर मला भोंगा म्हणू नकोस. एवढा एक रविवार माझ्या नावाने हाक मार. तुझ्या तोंडून ते मी कधी ऐकल्याचं आठवत नाही, तेव्हा ओ द्यायला मला उशीर झाला तर टेबलाखालून पाय मार.