मालकांनी मागितलेला पाव तास

सोमवार, १४ ऑक्टोबर १९५७

उशीर झाला — माझा नव्हे, बसचा. धावत सेटवर पोचले तर आमचे दिग्दर्शक अ‍ॅशवर्थ मालक आधीच हजर. तीच चौकड्यांची टोपी, हातात गार झालेला चहा. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

एकोणीस वर्षं या माणसाची कंटिन्युइटी सांभाळतेय. कोणत्या शॉटमध्ये कुणाचं कोणतं बटण उघडं होतं, सिगारेट किती जळली होती, सगळं माझ्या वहीत. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी आणि उलटासुलटा काढतात, पण पडद्यावर तो सलग दिसला पाहिजे. डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आजवर एक चूक नाही. हे मी फक्त इथेच लिहिते, दुसरीकडे लिहिलं तर दृष्ट लागेल.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

भांडणाचा प्रसंग झाला. मुलगा टेबलावर हात आपटतो, त्याचा तपकिरी कप पडतो, काठाचा टवका उडतो. सामानवाल्यांकडे सारखे दोन कप आहेत — भांडणाआधीच्या प्रसंगांसाठी धड, नंतरच्यांसाठी टवका उडालेला. वहीत तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

गोष्ट साधीच आहे. लँकशरच्या गिरणीतली विणकरीण, एकुलता एक मुलगा कॅनडाला जातो. शेवटच्या शॉटमध्ये ती त्याला गाडीत बसवून घरी येते, सवयीने दोन कप मांडते, मग मुलाचा कप उचलून परत खुंटीला लावते. बस. बोलणं नाही, संगीत नाही, तीन मिनिटं एकच शॉट.

स्टुडिओच्या ऑफिसवाल्यांना, म्हणजे पैसे घालणाऱ्यांना, हा शेवट नको आहे. "लोक पैसे देऊन रडायला येत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी मालकांकडून चर्चमधलं एक लग्न काढून घेतलं. मुलगा परत येतो, नवरी, फुलं, घंटा! मालकांनी ते लग्न इतकं नीट काढलं की मलाच राग आला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज शूटिंग नव्हतं, पाऊस होता आणि मालकांना बोलावंसं वाटलं. असं वर्षातून एकदा होतं. स्वतः लँकशरमधल्याच ओल्डहॅमच्या विणकरणीचे चिरंजीव. पंधराव्या वर्षी घर सोडून लंडनला आले, मूकपटांच्या स्टुडिओत झाडू मारला, पाटी धरली, कॅमेरा उचलला. आज बत्तीस सिनेमे नावावर. त्यातले शेवटचे दोन आपटले, आणि पेपरवाली तरणी पोरं आता त्यांना "म्युझियम" म्हणतात.

खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मी गेल्यावर आई वर्षभर दोन कप मांडायची. बहिणीने कळवलं होतं. मी काही गेलो नाही."

पेन्सिलीला टोक करत बसले.

सोमवार, २८ ऑक्टोबर

ऑफिसातून चिठ्ठी आली. शुक्रवार शेवटचा दिवस. शनिवारी सकाळी घराचा सेट मोडणार, तिथे टेलिव्हिजनच्या मालिकेचं पोलीस ठाणं उभं राहणार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा शॉट झाला नाही तर लग्नावर सिनेमा संपेल!

मालकांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि पुढचा शॉट लावला. आवाजही चढला नाही. हा माणूस कशाचा बनलाय कुणास ठाऊक.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

चहाच्या गाडीपाशी आज तोच विषय — उद्या पाव तास लागला तर?

कामगार संघटनेचा नियम कडक आहे. साडेपाचला दिवे बंद. अगदीच अडलं तर पाव तास मागता येतो, पण तो दिग्दर्शकाने स्वतः मागायचा, सगळ्यांसमोर. एकाने जरी नाही म्हटलं तरी दिवे बंद. बाकीचे दिग्दर्शक दर आठवड्याला नाक मुठीत धरून मागतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. अ‍ॅशवर्थ मालकांनी जन्मात कधी मागितलेला नाही. "ज्याला आपला दिवस मोजता येत नाही त्याने दुकान टाकावं," असं ते एकदा म्हणाले होते, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मॉगरिज ऐकत होता आणि हसत होता. बर्ट मॉगरिज म्हणजे दिव्यांचा मुकादम आणि संघटनेचा पुढारी. पहिला हो किंवा नाही त्याचा. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको अडली होती, दवाखान्यातून फोन आला. त्याने पाव तास लवकर सोडा म्हणून विनवलं. मालक म्हणाले, "साडेपाच म्हणजे साडेपाच." पोहोचेपर्यंत पोरगी झालेली होती, बायको सुखरूप, पण तो विसरलेला नाही.

"मागू दे की एकदा," मॉगरिज म्हणाला, "मी वाटच बघतोय."

बनपाव तसाच ठेवून उठले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते.

दिवसभर घाई, पण वेळेत होतो. पाच वाजून नऊ मिनिटांनी शेवटचा शॉट लागला. विणकरणीचं काम करणारी विनिफ्रेड लास्कम, वय एकाहत्तर, सकाळपासून गुडघेदुखीने कण्हत होती, खुर्चीसाठी सगळ्यांशी भांडत होती. कॅमेरा सुरू झाला आणि ती बाई राहिलीच नाही. दारातून एक विणकरीण आत आली. शाल काढली. किटली ठेवली. कप मांडले, एक, दोन. आणि मग दुसऱ्या कपाकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, ती आता विसरली, संपलं! पण नाही. तिने कप उचलला, एप्रनच्या टोकाने पुसला — कोरडाच होता तो! — आणि खुंटीला लावला.

पन्नास माणसं बघत होती. मालकांनी टोपी काढली. "छान" वगैरे ते म्हणत नाहीत, टोपी काढतात. एकोणीस वर्षांत मी ती चारदा निघालेली पाहिली. देवळात उभी असल्यासारखं वाटलं मला.

मग मी वही पुरी करायला पुढे गेले. खुंटीवरचा कप हातात घेतला. काठावरून बोट फिरवलं.

धड होता.

टवक्याचा नाही, धड! सामानवाल्याने चुकून तो ठेवला, पण तपासायचं काम माझं. वहीत टिक माझी आहे. मी ती कपाकडे न बघता मारली, कारण तालमीत विनिफ्रेडकडे बघून डोळे भरले होते माझे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

घड्याळात सव्वापाच. शेगडी पुन्हा पेटवायची, किटलीला वाफ आणायची, विनिफ्रेडच्या चेहऱ्याचा रंग नीट करायचा, म्हणजे वीस मिनिटं. साडेपाचच्या आत होणं शक्यच नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? कप ठेवून दिला असता, झालं. खरं सांगते, मनात आलं. नंतर तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि फार मोठ्याने.

"मालक, कप चुकलाय. चूक माझी आहे."

सगळे वळले. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आणि सरळ मॉगरिजच्या शिडीपाशी चालत गेले. तिथे जाऊन टोपी परत काढली.

"बर्ट, मला पाव तास हवाय. मागतोय."

मॉगरिज शिडीवरून उतरला नाही. वरूनच म्हणाला, "माझी पोरगी आठ वर्षांची झाली, मालक."

"माहीत आहे. तेव्हा चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हा माणूस ऑफिसपुढे वाकला नाही, पेपरवाल्यांपुढे वाकला नाही, आणि माझ्या वहीतल्या एका खुणेपायी शिडीखाली टोपी हातात धरून उभा!

मॉगरिजने आपल्या माणसांकडे एकेकाकडे बघितलं. कुणी मान हलवली, कुणी नुसता हात वर केला. नाही कुणीच म्हटलं नाही.

"घ्या पाव तास," मॉगरिज म्हणाला. "खिडकीतला दिवा मी स्वतः धरतो."

पाच बेचाळीसला दुसरा टेक झाला. टवक्याचा कप. विनिफ्रेडने सगळं बरोबर केलं, एक पाऊल चुकलं नाही. चांगला झाला. पण तो पहिला नव्हता. पहिल्यासारखं ते आयुष्यात एकदाच होतं, आणि मी ते मारलं. मालकांनी "आभारी आहे" म्हटलं, प्रत्येकाशी हात मिळवला, मॉगरिजशी सर्वांत शेवटी. माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवार, २ नोव्हेंबर

राजीनामा टाईप केला. टपालात टाकला. दिवसभर बिछान्यात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बाहेर पोरं दरवर्षीसारखे पाच नोव्हेंबरचे फटाके उडवताहेत, शेजारच्या कुत्र्याने पलंगाखाली मुक्काम ठोकलाय. माझा राजीनामा परत आला. कोपऱ्यात मालकांचं पेन्सिलीचं अक्षर — "थॉर्नबीबाई, यावर तारीख १ ऑक्टोबर घातली आहे. ही दुसरी चूक. तिसरी होण्याआधी सोमवारी आठला या. नवीन पटकथा आली आहे."

हसले आणि रडले. पण तो पहिला टेक काही डोळ्यांपुढून जात नाही. त्यांच्या आईवरून घेतलेला शेवट होता तो.

बुधवार, १२ मार्च १९५८

स्टुडिओच्या छोट्या थिएटरात आज आम्हा सगळ्यांना सिनेमा दाखवला. लग्न नाही! ऑफिसवाले हरले. शेवटचा शॉट आला. मॉगरिजने नाक शिंकरलं. विनिफ्रेडने कप उचलला, एप्रनच्या टोकाने पुसला, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. काठ धड होता.

बाहेर आल्यावर संकलक पॉन्सफर्डला कोपऱ्यात गाठलं. दुसरा टेक कुठे गेला? तो म्हणाला, दुसरा मी पाहिलेलाच नाही, लॅबमधून धुऊन आलाच नाही. त्याच संध्याकाळी मालकांनी सांगितलं होतं, पहिलाच घ्यायचा, कपाचं कोण बघतंय.

मग पाव तास कशाला मागितला?

"मीही विचारलं तेव्हा," पॉन्सफर्ड म्हणाला. "म्हणाले, थॉर्नबीबाई पन्नास माणसांसमोर खरं बोलल्या. त्यांना तिथल्या तिथे 'चालतंय हो' म्हणायला माझी जीभ रेटेना."