पंचफुलाची तिथी

मंगळवार, १२ जुलै २००५. सकाळचे पावणेदहा.
इंटरनेटचं दुकान नुकतंच उघडलं. मालक शिवशंकरभाऊ अजून आलेले नाहीत. कीबोर्ड पुसता पुसता एक संगणक चालू केला आणि मायच्या वर्षश्राद्धाची तारीख पुन्हा काढून पाहिली. उगाच, खात्रीसाठी. कुलूप लावलं तरी मी दोनदा ओढून बघणारा माणूस.

तारीख तीच आली — २६ जुलै. पण आज महिन्याचं नावही दाखवायला सांगितलं होतं. महिना आषाढ!

माय श्रावणात गेली. मागच्या वर्षी श्रावण दोन होते, आधी धोंड्याचा, मग खरा. ती धोंड्याच्या श्रावणात गेली, वद्य षष्ठीला. यंदा धोंडा नाही, म्हणजे तिचं वर्ष खऱ्या श्रावणात यायला पाहिजे — २५ ऑगस्टला. तिथी काढणारी ही लायब्ररी, म्हणजे संगणकातला तयार प्रोग्राम, मात्र नुसते बारा महिने मोजते आणि एक महिना अलीकडेच थांबते.

आणि बाला तारीख मीच सांगून बसलोय. बानं बाजारात जेवणाचा निरोपही सोडला. मेंढरांमागे गेलेल्या माणसाकडे फोन कुठला? बाजारात एकाला सांगायचं, तो पुढच्याला सांगतो. असा निरोप परत बोलावता येत नाही.

बुधवार, १३ जुलै
लायब्ररीचा कोड ओळीओळीनं वाचायला घेतला.

शुक्रवार, १५ जुलै
चूक सापडली! तीनच ओळी. लायब्ररी सगळ्यांसाठी उघडी आहे, कुणीही फुकट घ्यावी, कुणीही दुरुस्ती पाठवावी. डेन्मार्कचा हेनिंग नावाचा माणूस ती सांभाळतो. मदत करणाऱ्यांची नावं शेवटी एका यादीत असतात. ती यादी मी किती वेळा वाचली असेल!

भाऊ मागे येऊन उभे राहिले. "काय करून राहिला रे भारत?"

सांगितलं.

"फुकटचं घेतो आन् वरून नीट करून देतो? काहून? पगार देऊन राहिला का तो गोरा?"

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा दुरुस्तीसोबत हेनिंगला पत्र लिहिलं. दहावीला मी इंग्रजीतच नापास. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहिला, 'सर' कुठे लिहायचं ते मात्र त्यात नव्हतं. पाठवलं आणि लगेच वाटलं, आता हसतील.

मंगळवार, १९ जुलै
हेनिंगचं उत्तर आलं. हसला नाही. दुरुस्ती बरोबर दिसते, म्हणतो. पण चाचणी कुठे आहे? प्रत्येक दुरुस्तीसोबत एक खरं उदाहरण लागतं. त्यांचा संगणक रोज रात्री सगळी उदाहरणं पुन्हा सोडवून बघतो, कुणी काही बिघडवलं तर कळावं म्हणून. "माणूस गेला ती तारीख दे. आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी खरोखर ज्या दिवशी विधी केला, ती दे. पुस्तकातली नको."

खरोखर ज्या दिवशी केला.

बुधवार, २० जुलै
घरी २६ जुलैलाच होणार, पण २५ ऑगस्ट लिहून मोकळं व्हावं. डेन्मार्कमध्ये कोण विचारायला येतंय?
लिहिलं. पुसलं.

मायची आठवण येत राहिली. तिला ताप होता तेव्हा बानं तिला एसटीडीवर आणून दुकानात फोन लावून दिला होता. मी सारखं 'ठीक हाईस ना?' हेच विचारत होतो. ती म्हणाली, "ठीक हाय रे. तू नको घाबरू." तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून कुणी ठीक म्हणालं की मला खरं वाटत नाही.

शुक्रवार, २२ जुलै
गावी जाऊन आलो. सिद्धेश्वर धरणाच्या कडेला बा मेंढीचा खूर साफ करत बसला होता. शेजारी डोंगरकड्याचा मुंजाजीमामा, मायचा भाऊ.

"बा, तारीख चुकली."

"कोनाची?"

"कंपुटरच्या डब्याची." मग म्हणालो, "माझी. म्या तपासली न्हाई."

सगळं सांगितलं. मामा हसायला लागला. "धा वर्सं शाळंत घातलं, आन् लेकराला श्रावन कळंना!"

बानं खुरातला काटा काढला. मेंढी सोडली, हात धोतराला पुसले.

"निरोप गेला. मान्सं येनार. आलेल्याला उपाशी धाडायचं व्हय?"

"मग?"

"त्या दिशी मान्सं जेवतेल. तुजी माय श्रावनात जेवल."

"बराबर हाय," मामा म्हणाला. "आन् चुकला ते बरं झालं गड्या! श्रावनात बकरं कुठलं मिळतंय!"

बासुद्धा हसला. मी वर्षभरात पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवार, २६ जुलै
पावसात माणसं आली, जेवली, गेली. मायचं नाव कुणी काढलं नाही. बानं आल्या आल्या प्रत्येकाला बजावलं होतं — आज तिचा दिस न्हाई.

गुरुवार, २५ ऑगस्ट
आज तिचं वर्ष घातलं. बा, मामा आणि मी. खीर-पुरी केली, पण बानं पानात ज्वारीच्या कण्या आणि ताकही वाढलं. "गोड तिला कवाच आवडलं न्हाई." मला हे माहीत नव्हतं.

शुक्रवार, २६ ऑगस्ट
चाचणी पाठवली. दोन तारखा, माय गेली ती आणि कालची, दोन्ही खऱ्या. चाचणीला नाव द्यावं लागतं. बाकीच्यांनी नुसते आकडे दिलेत. मी मायचं नाव दिलं, 'पंचफुला', इंग्रजी अक्षरांत. अक्षरं तीनदा तपासली.

गुरुवार, १ सप्टेंबर
दुरुस्ती घेतली! हेनिंगनं दोनच ओळी लिहिल्या, पण धन्यवाद म्हणाला. भाऊंना दाखवलं. "काय भेटलं मग?" मी यादी उघडली. खालपर्यंत गेलो. माझं नाव टाकायचं तो विसरलाय.

उद्या सकाळी त्याला आठवण करून देणारं पत्र लिहिणार. नम्र शब्दांत.

शुक्रवार, २ सप्टेंबर
पत्र लिहायला बसलो. त्याआधी रात्रीच्या तपासणीचा निकाल उघडला. लांब यादी, एकेका ओळीत एकेक चाचणी. वाचत खाली आलो.

पंचफुला — ठीक.

आज रात्री पुन्हा विचारतील तिला. उद्याही.
पत्र लिहिलं नाही.