दोन हजार वॅटची ऊब

प्रिय स्रेतेन,

श्टुटगार्टला नीट पोहोचला असशील. परवा आईच्या कबरीपाशी, पाद्रीबाबा अजून धूप फिरवत होते तेव्हा, अख्ख्या गावादेखत तू मला विचारलंस, "दोन हजार वॅटचा हीटर घरात असताना माणूस गारठतंच कसं? तू काय करत होतीस?" आता उत्तर देते.

हीटरच्या पाटीवर आहे २३० व्होल्ट, २००० वॅट. म्हणजे करंट पावणेनऊ अँपिअर, रोध साधारण साडेसव्वीस ओहम. पिरोतच्या तांत्रिक शाळेत हे आपण दोघंही एकाच मास्तरांकडे शिकलो, पण इंजिनीअर तू झालास. रोध तेवढाच राहतो रे. पण आपलं घर तारेच्या शेवटच्या खांबावर. संध्याकाळी सगळं गाव विजेच्या शेगड्या लावतं आणि आपल्या वाट्याला उरतात एकशेसाठ व्होल्ट. मी मीटर लावून बघितलं. कर भागाकार. सहा अँपिअर. आता सहाला एकशेसाठने गुण. हजारसुद्धा भरत नाहीत. व्होल्ट एक तृतीयांशाने घटले आणि ऊब निम्म्यावर आली. जानेवारीत फोनवर मी हेच सांगत होते, तर तू म्हणालास, "पाटी वाच, ताई, पाटी. मास्तरकी माझ्याशी नको." लाकडाची चूल तूच विकलीस, धुराडंही तूच विटांनी बुजवलंस. धूर म्हणे गावंढळ दिसतो.

आईने एकदाच तक्रार केली होती. तुझी बायको उटे शेजारी बसलेली, आणि तू हसत म्हणालास, "आई, थंडी तुझ्या डोक्यात आहे." त्यानंतर तिने थंडी हा शब्द काढला नाही. दर रविवारी संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला की ती दोन्ही कोट उतरवायची, डोक्याचा रुमाल सोडायची आणि नुसत्या ब्लाउजवर बसायची. तुला दिसावं, की घर कसं उबदार आहे. मी बाजूला तिचे कोट धरून उभी असायचे. तोंड उघडलं की डोळे वटारायची. माझ्याकडे चल म्हटलं, तर "स्रेतेन आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" शेवटच्या रविवारी तू नवं स्वयंपाकघर दाखवत बसलास, एकेक कप्पा उघडून. ती "वा, वा" करत राहिली. तिचे ओठ निळे पडले होते. तू म्हणालास, "आज छान दिसतेस गं." सोमवारी ताप, बुधवारी छाती भरली.

हॉस्पिटलात तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "स्रेतेनला सांग, हीटर चांगलाय. माझ्याच अंगात ऊब धरत नाही आता. त्याला वाईट वाटू देऊ नकोस." मला राहवलं नाही. मी तिला सगळा हिशोब सांगितला, व्होल्टसकट. तिने माझा हात झिडकारला. "तुला त्याचं कधी बरं बघवलंच नाही." माझ्याशी ती एवढंच शेवटचं बोलली. चाळीस वर्षं तिच्या हाकेच्या अंतरावर राहिले मी, स्रेतेन, आणि मला हे मिळालं.

निरोप पोहोचवीन असं मी तिला कबूल केलं होतं, म्हणून हे पत्र. निरोप पोहोचला. तुला वाईट वाटू देणार नाही, असं मात्र मी कबूल केलं नव्हतं.

तुझीच,
रुझिका