हातिजे आब्लाच्या गावात दोन रात्री

२८ जून, शनि. क्रेगीबर्न, मेलबर्न

नवऱ्याची, मेल्विनची, बॅग झाली, माझी अर्धी. संध्याकाळी शेजारची हातिजे आब्ला आली. एरवी मागच्या कुंपणावरून हाक मारते. आज पुढच्या दाराने, डोक्याला चांगला स्कार्फ. म्हणजे काम मोठं.

पिशवीत स्वतः विणलेलं स्वेटर, केमिस्टकडचे गुडघ्याचे पट्टे, निलगिरी तेलाची बाटली. सगळं धाकट्या बहिणीला, एमिनेला. तुर्कस्तानच्या पार ईशान्य कोपऱ्यात, शावशातच्या डोंगरात राहते ती. आब्ला एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली, गाड्यांच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्रवास बंद.

"चार रात्री राहा," म्हणाली. "एक दिवस एमिनेबरोबर वर जा." वर म्हणजे उन्हाळ्यात गुरं नेतात त्या कुरणावर. तिथे आईवडिलांचं लाकडी घर आहे, बंद पडलेलं. "व्हिडिओ काढून मला दार दाखव. झरा दाखव. एमिने एकटी जात नाही आता, गुडघे गेलेत. तू असलीस तर जाईल."

माझ्या हॉस्पिटलच्या शिफ्टांमध्ये माझ्या मुलीला, रियाला, हिनेच वाढवलं. आब्ला, म्हणजे ताई, म्हणायला पण हिनेच शिकवलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार. हो म्हटलं, अगदी हात धरून.

रात्री मेल म्हणाला: "चार रात्री? करायचं काय तिथे?"

५ जुलै, शनि. गावात

पोचलो. एमिनेचा मुलगा ओरहान विमानतळावर आला होता, जुनी व्हॅन. तीन तास घाट, मग कच्चा रस्ता. इस्तंबूलमधला घाम इथे आठवतही नाही. थंडी, ढग, गवताचा वास. घरं लाकडाची, काळी पडलेली, एकमेकांपासून लांब. माणूस दिसत नाही. कुत्रा भुंकला तेवढाच.

एमिने फाटकात उभी होती. आब्लाचंच तोंड, फक्त बारीक आणि उन्हाने रापलेलं. मला मिठी मारली ती सोडेना. मग लक्षात आलं, माझ्या कोटाचा वास घेतेय. विमानतळावर निघताना आब्लाने हाच कोट घट्ट धरला होता.

खाली गोठा, वर घर. आम्हाला तिने स्वतःची खोली दिली. ती आणि ओरहान चुलीच्या खोलीत. जेवायला मक्याचं पीठ, लोणी आणि चीज एकत्र शिजवलेलं, तार निघणारं. एक वाटी संपली की दुसरी. नको म्हटलं की तिला वाटतं आवडलं नाही.

भाषा नाही. ओरहान फोनमध्ये बोलतो, फोन इंग्लिश बोलतो. "आई म्हणते, तुम्ही हातिजे आहात." चुकलं असेल काहीतरी. चुकलं नसेलही.

६ जुलै, रवि.

दिवसभर पाऊस. चर्चची मिसा बुडाली. गावातल्या बायका एकेक करून आल्या, हातिजेकडची माणसं बघायला. चहा, परत चहा. सगळ्या माझ्याकडे बघून हसतात, मी हसते. गाल दुखले. एकीने माझ्या गळ्यातला क्रूस बोटाने उचलून बघितला, "ईसा" म्हणाली, म्हणजे येशू, आणि छातीला हात लावला. मला बरं वाटलं. मेल म्हणाला, "आता अजून किती जणी येणार?"

टॉयलेट बाहेर, गोठ्यामागे. मेल दोनदा घसरला. वायफाय नाही. सिग्नल फक्त मधमाश्यांच्या पेट्यांजवळ. दुपारी तिथे छत्री धरून उभा होता तो. आत आला तेव्हा चेहराच वेगळा.

कपादोकियाला बलूनची फेरी बुक केली होती, त्यांचा मेसेज. आमच्या तारखेला वारा आहे, रद्द. बुधवारी सकाळी दोन जागा आहेत, नंतर काही नाही. बुधवारी तिथे असायचं तर उद्याच इथून निघायला हवं.

मी म्हटलं, "परवा वर जायचंय. आब्लाला सांगितलंय मी."

"पाऊस बघ. काय दिसणार आहे वर? धुकं." मग, "ज्योती, आपण परत इथे येणार आहोत का कधी? पन्नाशीची ट्रिप आहे माझी."

चुलीपाशी एमिने गुडघ्याचे नवे पट्टे बांधून बघत होती. उठली, बसली, मला चालून दाखवलं. वर बोट करून हसली. परवा.

मी हसले. लाज तेव्हाच वाटायला लागली होती, खोटं कशाला लिहू. कारण मनात मी मेलला हो म्हणून झाले होते.

७ जुलै, सोम. दुपार, रुग्णालयाच्या बाहेर

लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच वेगळं सांगेन.

सकाळी मेलने पोट धरलं. तेवढंच ठरलं होतं: पोट दुखतंय, आम्ही जातो. ओरहान फोनमध्ये म्हणाला, "डोंगरातलं लोणी जड असतं. झोपा, बरं होईल." एमिनेने पुदिन्याचा काढा केला. मेल गादीवर, माझ्याकडे बघतोय. आता पुढे काय.

पुढचं मी केलं. त्याने नाही. उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं, पाठीकडे नेलं. पित्ताशय, खडे, ऑपरेशन लागू शकतं, इस्तंबूल. बावीस वर्षं पेशंट बघतेय, कुठे बोट ठेवायचं ते मला माहीत आहे. एमिनेचा चेहरा पांढरा पडला.

इस्तंबूल लांब आहे, आधी इथे दाखवू, म्हणत ओरहानने व्हॅन काढली. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. बाजूच्या उतारावर सगळी माणसं गवत कापायला उतरली होती. ओरहानचा विळा भिंतीला टेकवलेला. विळा तिथेच राहिला. एमिने मागे मेलजवळ बसली, त्याचा हात दोन्ही हातांत, ओठ हलत होते. सबंध रस्ता. मेल डोळे मिटून होता. मला वाटतं त्याची उघडायची हिंमत नव्हती.

तालुक्याच्या रुग्णालयात तरुण डॉक्टरीण. सोनोग्राफी लगेच केली. मला इंग्लिशमध्ये म्हणाली, "सगळं नॉर्मल. गॅस असेल. एक दिवस आराम करा, गावची हवा चांगली आहे."

इथे थांबता आलं असतं. हसून गाडीत बसायचं, उद्या वर जायचं. बलून गेला तर गेला.

मी म्हटलं, "मी नर्स आहे. खडे कधी कधी दिसत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले. "मग तुम्हाला जास्त माहीत."

एमिनेला ओरहानने ते सांगितलं तर ती माझ्याच बाजूने बोलायला लागली, डॉक्टरणीशी, मोठ्याने. आमची हातिजे सांगते ही किती हुशार आहे, असं काहीतरी. ओरहानने अर्धंच सांगितलं. मग एमिनेने मेलबर्नला फोन लावला. फोनमधून आब्लाचं रडणं ऐकू आलं. फोन माझ्याकडे दिला. "ज्योती, खरं सांग, किती सीरियस आहे?"

"काळजी नको करूस," म्हटलं. "पण जायला हवं."

७ जुलै, संध्याकाळ, विमानतळ

ओरहानने तीन तास गाडी चालवून इथे सोडलं. पेट्रोलचं काही घेतलं नाही. मेलसाठी व्हीलचेअर मागायला निघाला होता, मी थांबवलं. जाताना फोनमध्ये बोलला: "आई म्हणते, माफ करा, आमच्या लोण्याने झालं."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक नो वरीज.

९ जुलै, बुध. गोरेमे, कपादोकिया

बलून उडाला. वारा नाही, आकाश स्वच्छ. खाली सुळके, गुलाबी उजेड, शेकडो बलून. सुंदर होतं. खरंच होतं. मेल लहान मुलासारखा झाला होता, त्याच्याकडे बघून मला पण हसू आलं. उतरल्यावर सगळ्यांना ज्यूस. माझ्या घशाखाली गेला, आवडला. हे पण लिहायला हवं.

नाश्त्याला मेलचा फोन बघितला. बलूनमधला दोघांचा फोटो स्टेटसला. दात दाखवून हसतोय.

"काढ आधी ते."

"का? रिलॅक्स."

ज्यांनी बघितलं त्यांची नावं उघडली. रिया, ऑफिसातले दोघे, वसईचा चुलतभाऊ. हातिजे आब्ला.

त्याने काढला. आता काढून काय.

बाकी दिवस नीट बोललो नाही. मेल म्हणाला, "पित्ताशयाचं नाटक मी सांगितलं नव्हतं." खरं आहे.

१५ जुलै, मंगळ. क्रेगीबर्न

काल रात्री पोचलो. बाहेर बोचरी थंडी, लॉन ओलं. सकाळी बेल. आब्ला, हातात झाकलेलं पातेलं. दह्याचं सूप, मेलसाठी, पोटाला हलकं. तिच्या हाताला कालच्या सुईचा काळा डाग.

"कसा आहे?"

"बरा आहे."

"ऑपरेशन?"

"नाही लागलं."

"अल्लाची कृपा," म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी शोधत होते. फोटोचा शब्द नाही. गावाचं विचारलं: चुलीच्या खोलीत अजून निळा रंग आहे का, खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसतं का. निळा होता का? मला आठवेना. हो म्हटलं.

"वर नाही जाता आलं ना."

"नाही."

"असू दे. आजारी माणूस आधी."

मेलने सूप खाल्लं नाही. मी खाल्लं, उभ्या उभ्या, ओट्याशी.

१७ जुलै, गुरु.

आज सांगायचंच म्हणून शिफ्टवरून तडक तिच्याकडे गेले. युनिफॉर्ममध्येच. वाक्य पण तयार होतं: मेल आजारी नव्हता.

दार उघडताच माझा हात धरून आत नेलं. "ये, ये, बघ काय आलंय." टेबलावर टॅबलेट. एमिने वर गेली होती. एकटी. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी. ओरहानचं गवत राहिलं होतं, तो येऊ शकला नाही, तर ही पहाटे काठी घेऊन चालत गेली. पाहुणी आजारपणात अडकली, हातिजेला दार कोण दाखवणार म्हणून.

व्हिडिओत आधी बराच वेळ नुसते तिचे बूट आणि गवत. धाप. मधेच आकाश. एकदा स्वेटरची बाही, आब्लाने विणलेलं. मग दार. फळ्या वाकलेल्या, कडी गंजलेली. एमिने त्या दाराशी बोलत होती की बहिणीशी, कळत नाही. आब्ला स्क्रीनला हात लावून बसली होती. गालावरून पाणी, पुसतही नव्हती.

मग झरा. दगडी कुंडी, एमिनेचा अंगठा अर्ध्या चित्रावर. ती बाटली भरते. तुर्की, तुर्की, आणि मधेच स्पष्ट "मेल्विन".

"काय म्हणते?"

"हे पाणी पोटाला चांगलं असतं. मेल्विनसाठी भरून ठेवते. कोणी येणार असेल तर पाठवते." आब्ला हसली. "वेडी आहे. विमानात पाणी नेऊ देतात का."

परतीच्या उताराचा व्हिडिओ नाही. ओरहानने नंतर सांगितलं म्हणे, उतरताना गुडघा मुरगळला. झोपून आहे. "होईल बरी. पट्टे होते म्हणून वाचली."

मी वाक्य बोलले नाही. तिच्या आनंदाच्या दिवशी कशाला, असं स्वतःला सांगत घरी आले. कारण तेवढंच नव्हतं. तिने मला हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं. ती मला माफ करेल आणि वर चहा देईल, ते नको होतं.

१९ जुलै, शनि.

मेलला व्हिडिओचं सांगितलं, पाण्याचं पण. टीव्ही बंद केला त्याने. मग म्हणाला, "सोड ना जो. आता सांगून तिचं दुखणंच वाढेल."

"कोणाचं?"

रात्रीचं जेवण न जेवता वर गेला.

२० जुलै, रवि.

मिसेनंतर आब्लाचा मेसेज: दुपारी ये, एमिनेशी बोलायचंय, ती सारखी विचारते.

गेले. आधी सांगून टाकू म्हणून थोडी लवकर. पण फोन लावूनच बसली होती, एमिने स्क्रीनवर, उशांना टेकून. पाय लांब, गुडघ्याला फडकं. मला बघून हात पसरले. पहिलाच प्रश्न पोटाचा. कार्न, कार्न, हा एक शब्द मला आता येतो, त्या दिवशी शंभरदा ऐकला होता.

"आब्ला," मी म्हटलं, "तिला सांग..."

तेवढं ऐकलं आणि आब्ला माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तुर्कीत. बराच वेळ, सावकाश, हातवारे न करता. मधे एकदा माझं नाव आलं, एकदा मेलचं. एमिने ऐकत होती. भुवया वर गेल्या. मग एकदम हसली, इतकी की गुडघा धरला, आणि हसता हसता स्कार्फच्या टोकाने डोळे टिपले. मग कॅमेऱ्याजवळ तोंड आणून मला काहीतरी सांगितलं, लहान मुलाला समजवावं तसं.

"काय म्हणाली?"

"परत ये म्हणते."

"एवढंच नव्हतं. तू काय सांगितलंस तिला?"

आब्लाने माझ्यापुढे चहा सरकवला. साखर घातली, ढवळली. मी साखर घेत नाही हे तिला माहीत आहे.

"पुढच्या वेळी एकटी जा," म्हणाली. "त्याचं पोट तिथे टिकत नाही."

तोंडावर हसू होतं की नाही, सांगता येणार नाही. मी खाली बघत होते. चहा सगळा प्यायले. एमिने स्क्रीनवरून बघत होती आम्हा दोघींकडे, ओरहान मागे काहीतरी ओरडला, मग लाइन गेली.

घरी येऊन मेलला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तिला माहीत आहे."

"मग बहिणीला काय सांगितलं तिने?"

"विचार ना तिला."

उद्या तिचं डायलिसिस आहे. सकाळी मीच सोडते म्हटलंय. वीस मिनिटं गाडीत दोघीच असू.